बंदूक घरात नको, रेंज गावात हवी

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे स्वप्नील कुसाळे याने ऑलिंपिकचे कांस्यपदक पटकावले आणि महाराष्ट्राची बहात्तर वर्षांची प्रतीक्षा संपली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या आखाड्यात खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर मराठी मातीला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले ते हे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे लहानसे गाव, शिक्षक वडील, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतील प्रवेश, मध्य रेल्वेतील नोकरी आणि दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन, या साऱ्याचे यथोचित कौतुक झाले. ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत नेम साधावा लागणारा हा खेळ नेमबाजीतील सर्वांत कष्टाच्या प्रकारांपैकी एक मानला जातो. पहिल्या दोन स्थितींनंतर पहिल्या तिघांत नसलेला हा तरुण उभ्या स्थितीत, म्हणजे जेथे शरीर सर्वाधिक हलते तेथे, वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला.

या कौतुकात एक गोष्ट मात्र अनुल्लेखित राहिली. ती म्हणजे ज्याच्या बळावर हे पदक मिळाले ते काडतूस. त्याची लांबी एक इंच, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी. त्याच्या टोकाची शिशाची गोळी अवघ्या अडीच ग्रॅमांच्या आसपास. व्यास .२२ इंच, म्हणून सैनिकांपासून छात्रसैनिकांपर्यंत सारे त्याला 'पॉइंट टू-टू' म्हणतात. रणांगणावर त्याला स्थान नाही. ज्या .३०३ रायफलने दोन महायुद्धे पाहिली, तिच्या गोळीच्या ऊर्जेचा सुमारे विसावा हिस्साच या गोळीत असतो. आणि तरीही जगभरातील हौशी नेमबाजांचे सर्वाधिक प्रेम ज्या काडतुसावर आहे, ते हेच. या प्रेमाचे मर्म काय, आणि त्यातून भारताने काय घ्यावे व काय टाळावे, याचा विचार पदकाचा जल्लोष ओसरल्यावरच शांतपणे होऊ शकतो.

या काडतुसाचा जन्मच मुळी करमणुकीसाठी झाला. १८४५ च्या सुमारास पॅरिसमधील फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने एका लहानशा तांब्याच्या टोपीवर शिशाची गोळी बसवली. तिच्यात दारू नव्हती. ठिणगी पाडणाऱ्या स्फोटक मिश्रणाच्या जोरावरच ती गोळी दिवाणखान्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जात असे. श्रीमंतांच्या घरांतील संध्याकाळच्या मनोरंजनाचे ते साधन होते. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन यांनी तीच कल्पना पुढे नेऊन दारू भरलेले .२२ शॉर्ट हे काडतूस बाजारात आणले. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याची लांब आवृत्ती, .२२ लाँग रायफल, सिद्ध केली. त्यानंतर दारू बदलली, रसायने बदलली, गोळीवरचा मेणाचा थर बदलला, परंतु काडतुसाची मूळ घडण आजही तीच आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली अशी यांत्रिक वस्तू विरळाच.

या घडणीचे रहस्य तिच्या कडेत आहे. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी एक स्वतंत्र टोपी असते आणि बंदुकीची पिन तिच्यावर आघात करते. पॉइंट टू-टूच्या पितळी पुंगळीला मात्र अशी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ ठेवलेली असते. आपले पूर्वज तोफेच्या कानात जी पेट घेणारी दारू भरत, तिला रंजक म्हणत. तसेच रंजक या पोकळ कडेत पसरलेले असते. पिन कडेवर आदळते, कड चेपते, रंजक पेट घेते आणि दारू जळून गोळी सुटते. यासाठी पुंगळीचे पितळ पातळ ठेवावे लागते. पातळ पितळ मोठा दाब सोसू शकत नाही, म्हणून या काडतुसाची शक्ती आपोआप मर्यादित राहते. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. कडेत रंजक सर्वत्र सारखे पसरले नसेल तर एखादा बार फुसका निघतो. हे त्याचे दोष. पण सुटे भाग कमी, धातू कमी, दारू कमी, त्यामुळे ते स्वस्त पडते. या स्वस्ततेनेच त्याला सर्वसामान्यांच्या हाती दिले.

हौशी नेमबाजाला या काडतुसाचे आकर्षण वाटते त्याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. पहिले कारण शारीरिक आहे. मोठ्या रायफलचा दस्ता खांद्यावर जो धक्का देतो, त्याने नवशिक्याच्या मनात भीती बसते. चाप ओढण्याच्या क्षणी तो डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम चुकतो. ही खोड एकदा लागली की ती सोडवायला महिने लागतात. पॉइंट टू-टू हा धक्का जवळजवळ देतच नाही. आवाजही मर्यादित असतो. त्यामुळे शिकणाऱ्याचे सारे लक्ष बंदुकीवरून स्वतःवर येते. श्वास कोठे रोखला, बोटाने चाप सरळ मागे घेतला की तिरका, गोळी सुटल्यानंतरही नजर लक्ष्यावर टिकली की नाही, हे त्याला कळू लागते. बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि साठीचे निवृत्त गृहस्थ एकाच रेंजवर, एकाच प्रकारच्या रायफलने, बरोबरीने स्पर्धा करू शकतात. शरीराच्या बळावर न ठरणारे असे खेळ किती आहेत?

दुसरे कारण अचूकतेचे आहे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरवरून डोळ्याला ते ठिपक्यासारखेही दिसत नाही. उत्तम प्रतीचे काडतूस आणि उत्तम नळी यांची जोडी जमली, तर रायफल स्थिर बैठकीत बांधून सोडलेल्या गोळ्या एकाच छिद्रात जात राहतात. यासाठी स्पर्धेच्या काडतुसांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर, ठेवतात. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीला जे हेलकावे बसतात, ते त्यामुळे टळतात. पण या मंद वेगाची किंमतही मोजावी लागते. गोळीला लक्ष्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला दहाच्या वर्तुळाबाहेर नेऊन सोडतो. म्हणून ५० मीटरच्या रेंजवर लहान लहान निशाणे फडकत असतात आणि नेमबाज लक्ष्याइतकाच त्या निशाणांकडे पाहत असतो. बंद सभागृहातील १० मीटर एअर रायफलमध्ये हा वारा नसतो. तेथे खेळाडू स्वतःशी लढतो. येथे तो स्वतःशी आणि निसर्गाशी एकाच वेळी लढतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हे काडतूस पुनरावृत्तीला परवडते. कोणतीही विद्या पुनरावृत्तीतून येते, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले. अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा ही कथा प्रत्येक शाळेत सांगितली जाते. आदिपर्वातील दुसरी कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी अंधारात अर्जुनाचा हात सवयीने मुखाकडेच जात राहिला. त्यावरून त्याला कळले की, जे अभ्यासाने हाताला जडते त्याला उजेडही लागत नाही. त्याच रात्री त्याने धनुष्य उचलले आणि अंधारात सराव आरंभिला. पहिली कथा एकाग्रतेची आहे, दुसरी सरावाची. एकाग्रतेचे गुणगान करणे सोपे असते. सरावाला मात्र जागा लागते, वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी एक बाण, म्हणजे आजच्या भाषेत एक काडतूस लागते. जो समाज पक्ष्याच्या डोळ्याची कथा सांगतो पण मुलांना सरावाची जागा देत नाही, तो अर्धीच कथा सांगत असतो.

या संदर्भात इतिहासाचे एक पान उलटून पाहण्याजोगे आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. त्या वर्षीच्या डिसेंबरातील एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे बलाढ्य ब्रिटिश सेनेला शेतकऱ्यांच्या पथकांनी धूळ चारली. बोअर शेतकरी लहानपणापासून रायफल हाताळत होता, तर ब्रिटिश कारखान्यांतून आलेल्या तरुणाला नेमबाजीचा गंधही नव्हता. या धक्क्यातून ब्रिटनने जो धडा घेतला, त्याच्या केंद्रस्थानी हेच लहान काडतूस होते. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था स्थापन झाली. पुढे तीच मिनिएचर रायफल क्लबांची संस्था म्हणून देशभर पसरली आणि आज ती नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन या नावाने कार्यरत आहे. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या चळवळीला आपले वजन दिले. मोठ्या रायफलला मैलभर मोकळी जागा लागते. पॉइंट टू-टूला कारखान्यातील एखादी लांब खोली, कवायतीचे सभागृह, २५ यार्डांचे तळघर पुरते. दिवसभर यंत्रावर राबलेला कामगार संध्याकाळी तेथे येई, काही पैशांत काही गोळ्या झाडी आणि घरी जाई. रायफल क्लबाच्या कपाटात राही.

आता याच काळातील भारताकडे पाहावे. लॉर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा. १८८५ ते १८९३ या काळात ते भारताचे सरसेनापती होते. ज्या साम्राज्याने स्वतःच्या मजुराच्या हाती लहान रायफल दिली, त्याच साम्राज्याने १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले. युरोपीय व्यक्तीला त्या कायद्यातून सूट होती. आपल्याच भूमीत भारतीयाला परवाना मागावा लागे. तो कायदा रद्द व्हावा किंवा सौम्य व्हावा, अशी मागणी राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून वारंवार झाली. त्यामागे शिकारीची हौस नव्हती. एका संपूर्ण समाजाला अविश्वासू ठरवले गेल्याची ती वेदना होती. या कायद्याचा एक परिणाम फारसा कोणी मोजलेला नाही. ज्या दशकांत युरोपात सामान्य माणसाचे नेमबाजी क्लब रुजले, त्या दशकांत भारतात ही विद्या संस्थानिक, गोरे अधिकारी आणि सैन्य यांच्यापुरतीच उरली. खंडेनवमीला शस्त्रपूजन चालूच राहिले, शस्त्राचा अभ्यास मात्र घराघरांतून मावळला.

स्वातंत्र्यानंतर ही पोकळी भरण्याचे दोन प्रयत्न झाले आणि दोन्हींची आठवण ठेवली पाहिजे. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. तेव्हापासून लाखो मुलामुलींनी आयुष्यातील पहिली गोळी पॉइंट टू-टू रायफलमधूनच, २५ यार्डांच्या किंवा मीटरच्या रेंजवर, जमिनीवर पालथे झोपून झाडली. त्या गोळ्यांचे कागदावरील 'ग्रुपिंग' किती लहान आले, हे सांगताना आजही पन्नाशीतल्या गृहस्थाचा चेहरा उजळतो. दुसरा प्रयत्न १९५१ मधला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. मूळ कोकणातील घराण्याचा हा मराठी भाषक, गांधीजींच्या सहवासात घडलेला अहिंसेचा पुरस्कर्ता, स्वतंत्र भारतात नेमबाजीच्या खेळाचा पाया घालतो, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. शस्त्र हाती असूनही संयम राखणे हाच तर या खेळाचा गाभा आहे.

या दोन प्रयत्नांची फळे महाराष्ट्राने भरभरून चाखली. अंजली भागवत यांची वाटचाल मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील छात्रसेनेतून सुरू झाली. तेजस्विनी सावंत या कोल्हापूरच्या कन्येने २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन स्थितींचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. महाराष्ट्राबाहेरही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारचे रौप्य आणि हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेतील सिफ्त कौर समराचे जागतिक विक्रमासह सुवर्ण आले. या सर्व पदकांच्या मागे तेच बोटाच्या पेराएवढे काडतूस होते.

तथापि या नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पॉइंट टू-टूचे सर्वांत मोठे माहेर म्हणजे अमेरिका. तेथे टिनचे रिकामे डबे कुंपणावर मांडून उडवणे हा पिढ्यान्पिढ्यांचा कौटुंबिक विरंगुळा आहे. पाचशे काडतुसांचे खोके तेथे विटेच्या नावाने ओळखले जाते आणि ते साध्या दुकानात मिळते. वडिलांनी मुलाला पहिली रायफल देणे हा जणू संस्कारच. या चित्रात रम्यता आहे, पण त्याच चित्रात रक्ताचे डागही आहेत. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा जीव .२२ च्या रिव्हॉल्व्हरने घेतला. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन त्याच व्यासाच्या गोळीने मृत्यूच्या दारात पोहोचले. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत वीस बालके आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. त्या सकाळी मारेकऱ्याने प्रथम स्वतःच्या आईला घरात ठार केले, ते घरातल्याच .२२ रायफलने. त्यानंतर कायदा कडक होणार या धास्तीने अमेरिकेत लोक काडतुसांवर तुटून पडले आणि पुढची दोन-तीन वर्षे पॉइंट टू-टूची खोकी दुकानांतून अदृश्य झाली. एका शोकांतिकेनंतर समाजाची पहिली प्रतिक्रिया साठेबाजीची असावी, हे आरोग्याचे लक्षण नव्हे.

लहान आहे म्हणून हे काडतूस खेळणे आहे, हा भ्रम म्हणूनच प्रथम दूर केला पाहिजे. मोकळ्या जागेत त्याची गोळी एका किलोमीटरहून बरेच अधिक अंतर जाऊ शकते. दगडावर, पाण्यावर, कठीण जमिनीवर आपटून ती अनपेक्षित दिशेने उसळते. जत्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुकीशी त्याची तुलना करणारा माणूस धोकादायक आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे, नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवू नये, नेम घेईपर्यंत बोट चापावर नेऊ नये आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते जाणून घ्यावे, हे नियम रेंजवर पहिल्या दिवशी शिकवले जातात. बार फुसका निघाला तरी नळी लक्ष्याकडेच धरून थांबायचे असते. ज्याला हे थांबणे जमत नाही, त्याला पुढचे काही शिकवू नये.

मग भारताने कोणता मार्ग धरावा? येथे आपला कायदा कडक आहे आणि तो तसाच राहावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज शस्त्राचा परवाना मिळत नाही. मात्र विहित वयानंतर प्रशिक्षणासाठी नियंत्रणाखाली शस्त्र वापरण्याची मुभा त्याच अधिनियमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. घरोघरी बंदूक नेण्याची मागणी करणे हे अमेरिकेची चूक पदरात घेण्यासारखे होईल. परंतु कायद्याने जी मुभा प्रशिक्षणाला दिली आहे, ती वापरण्यासाठी जागा कोठे आहे? खरा प्रश्न हा आहे.

आज मराठी कुटुंबातील एखाद्या मुलीला नेमबाजीची गोडी लागली, तर तिच्यापुढे कोणती पायरी असते? १० मीटर एअर रायफलची सोय अनेक शहरांत झाली आहे. वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात, शाळेच्या सभागृहातही दहा मीटर जागा निघते. २००८ मधील अभिनव बिंद्राच्या सुवर्णानंतर या प्रकाराने जे बाळसे धरले, त्याचे एक कारण ही सुलभताच आहे. पण पुढची पायरी ५० मीटरची. ती आली की शिडी एकदम तुटते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने उभे राहिलेले पुण्याचे बालेवाडी, मुंबईतील वरळी आणि अशी मोजकी ठिकाणे सोडली, तर सर्वसामान्य नागरिकाला पॉइंट टू-टूचा नियमित सराव करता येईल अशा रेंज फार थोड्या आहेत. छात्रसेनेत वर्षातून काही गोळ्या झाडायला मिळतात. महाविद्यालय संपले की तेही संपते. ज्याला पदकाची आकांक्षा नाही, केवळ रविवारच्या सकाळी दोन तास मन एकाग्र करण्याचा छंद हवा आहे, त्याच्यासाठी तर या व्यवस्थेत दारच नाही. आणि हौशी खेळाडूंचा विस्तीर्ण पाया नसलेल्या खेळात पदके ही योगायोगाने लागतात, परंपरेने नव्हे. गावोगावच्या तालमींत पदकाची अपेक्षा न ठेवता घुमणारे हजारो मल्ल होते, म्हणूनच त्यातून एक खाशाबा निघाला.

जागेपाठोपाठ येतो काडतुसाचा प्रश्न. स्पर्धेत मोजल्या जाणाऱ्या साठ गोळ्या आणि त्याआधीच्या सरावाच्या गोळ्या धरल्या, तर एका सकाळीच शंभराच्या आसपास काडतुसे संपू शकतात. पहिल्या फळीतील नेमबाज ब्रिटनच्या एलीची, जर्मनीच्या आरडब्ल्यूएसची किंवा लापुआची काडतुसे वापरतात. एकाच कारखान्याच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांत सूक्ष्म फरक असतो, म्हणून आपल्या रायफलच्या नळीला कोणता घाणा मानवतो हे तपासण्यासाठी जगभरातील खेळाडू त्या कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर जातात. आयातीची किंमत, परकीय चलन, परवानग्या आणि विलंब या साऱ्यांचा भार शेवटी खेळाडूच्या कुटुंबावर पडतो. खेदाची गोष्ट अशी की, ज्या पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून काडतुसांचा कारखाना चालतो आणि २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेतून निर्माण झालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय ज्या पुण्यात आहे, त्याच पुण्याचा नेमबाज स्पर्धेच्या काडतुसासाठी युरोपच्या तोंडाकडे पाहतो. आपल्या निर्माणींनी .२२ ची काडतुसे बनवली आहेत आणि प्राथमिक सरावाला ती उपयोगी पडली आहेत. जो देश अंतराळयानासाठी सूक्ष्म भाग घडवतो, त्याला अडीच ग्रॅमांची एकसारखी गोळी आणि कडेत समप्रमाणात पसरलेले रंजक जमणार नाही, असे मानणे हा स्वतःचाच अपमान आहे. येथे उणीव कौशल्याची नसून अग्रक्रमाची आहे.

यावरचा उपाय खर्चिकही नाही आणि धाडसाचाही नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, पोलीस किंवा छात्रसेनेच्या असलेल्या जागांचा उपयोग करून, एक नियंत्रित पॉइंट टू-टू रेंज उभी राहावी. रायफली आणि काडतुसे तेथेच कुलूपबंद राहावीत. नोंदवहीत प्रत्येक काडतुसाची आणि प्रत्येक रिकाम्या पुंगळीची नोंद व्हावी. सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले जवान आणि कनिष्ठ अधिकारी यांच्याइतके शिस्तीचे प्रशिक्षक दुसरे कोठे मिळणार? त्यांच्या अनुभवाचा उपयोग सुरक्षारक्षकाच्या नोकरीपलीकडे व्हायला हवा. बंदिस्त रेंजमध्ये शिशाची धूळ साचते, तेव्हा हवा खेळती ठेवणे, सरावानंतर हात धुणे, मुलांना तेथे खाऊ न देणे, ही काळजी पहिल्या दिवसापासून घेतली जावी. आणि निर्माणींना स्पर्धेच्या प्रतीची काडतुसे बनवण्याचे स्पष्ट उद्दिष्ट देऊन राष्ट्रीय संघाच्या नेमबाजांकरवी त्यांची कसोटी घेतली जावी. ब्रिटनच्या कामगाराने सव्वाशे वर्षांपूर्वी जे अनुभवले, ते स्वतंत्र भारताच्या नागरिकाला अशक्य असण्याचे काहीच कारण नाही.

काही पालकांच्या मनात शंका येईल की, मुलांच्या हाती बंदूक दिल्याने ती आक्रमक होणार नाहीत का? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पडद्याकडे बोट दाखवून देता येते. आजचे मूल भ्रमणध्वनीवरील खेळात तासाला शेकडो गोळ्या झाडते. तेथे गोळीला वजन नाही, चुकीला परिणाम नाही आणि थांबायला कोणी सांगत नाही. रेंजवर तेच मूल एका गोळीसाठी मिनिटभर श्वास सांभाळते, मनासारखे जुळले नाही तर रायफल खाली ठेवते आणि पुन्हा आरंभ करते. आपली चूक कागदावर छिद्राच्या रूपाने त्याच्या समोर येते. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. नेमबाजीत यश मिळवलेल्या मुलामुलींकडे पाहिले की, त्यांच्या वागण्यातील निवांतपणाच प्रथम नजरेत भरतो. शस्त्राला देव्हाऱ्यात ठेवणारी आपली संस्कृती आहे. ज्याची पूजा केली जाते त्याच्याशी खेळ होत नाही, हा त्या पूजेचा अर्थ. रेंज ही त्या अर्थाची शाळा होऊ शकते.

लहान काडतुसाचे आकर्षण शेवटी त्याच्या लहानपणातच आहे. ते माणसाला बलवान असल्याचा भास देत नाही. आपला हात किती हलतो आणि मन किती भटकते, एवढेच ते प्रामाणिकपणे दाखवते. असे दाखवणारी जागा प्रत्येक जिल्ह्यात असावी, ती सुरक्षित असावी आणि शिक्षकाच्या मुलीला, शेतकऱ्याच्या मुलाला ती परवडावी. पुढच्या पदकासाठी पुन्हा बहात्तर वर्षे थांबायचे की नाही, याचा निर्णय ऑलिंपिकच्या नगरीत होत नसतो. तो जिल्ह्याच्या गावी, रेंजसाठी जागा द्यायची की नाही या एका ठरावावर होतो.